अब्बांची तांब्याची तार

अब्बा, तब्येत कशी आहे तुमची? डाव्या कानात शिट्टी वाजायची, ती थांबली का? तिकडं इंजिनांचा गोंगाट नसणार, त्यामुळं थांबली असेल असं मी धरून चालते. अम्माचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, तिकडं तरी पाट सोड आणि खुर्चीवर बसून चिरत जा. आणि आपल्या शेजारचे लेथवाले काका? त्यांचा दमा कमी आहे का, आणि सकाळी त्यांच्याशी एकदा भांडल्याशिवाय तुमचा दिवस सुरू होतो का अजून? इकडं आम्ही सगळे आपापल्या गोळ्या खाऊन उभे आहोत. भावाला साखर निघालीय, पण पेढा दिसला की त्याला ते आठवत नाही. माझं बीपी पाळण्यासारखं वर-खाली होतं. सून मात्र ठणठणीत आहे आणि तिच्यामुळंच लिहायला बसलेय. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं ते मी केव्हाच मागं टाकलं, त्यामुळं आज जरा वरच्या आवाजात बोलणार आहे. मनावर घ्या. घरातली आपली बोली मला लिहिता येत नाही, शाळेनं शिकवलेली मराठीच येते, ती चालवून घ्या.

उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडात तुम्ही राजे होता, हे मी कधी नाकारलं नाही. इचलकरंजीहून माग बंद ठेवून लोक यायचे, वारणानगरहून यायचे, आणि कुणी विचारायचं नाही की गाडी पळती किती. सगळ्यांचा प्रश्न एकच, "उस्ताद, किती देईल?" म्हणजे लिटरला किती. आणि तुम्ही कार्बोरेटर उघडायचा. त्यातला तो पितळी मणी, ज्याच्या सुईएवढ्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं, तो जेट तुम्ही तळहातावर घ्यायचा. मग विजेच्या जुन्या वायरीतली तांब्याची एक केसासारखी तार काढून त्या भोकात बसवायचा. भोक लहान झालं, पेट्रोल कमी, ॲव्हरेज वाढलं. माणूस चार दिवसांनी हसत परत यायचा. त्या तारांचा झुपका तुमच्या टेबलाच्या खणात असायचा, मेलेल्या माणसाच्या केसांसारखा. धूर काळा दिसला की तुमचं तोंड कडू व्हायचं. "हे बघ," म्हणायचा, "न जळलेलं पेट्रोल चाललंय नळीतून. कुणीतरी राबून आणलेलं."

घरी तरी कुठं सुटका होती. तुम्ही एके दिवशी अम्माच्या रॉकेलच्या स्टोव्हलासुद्धा तार घातली. ज्योत निळी, नाजूक, दिव्यासारखी. तुम्ही अंगठ्यानं मिशी पुसत स्टोव्हपुढं बसलाय, आणि अम्मा पाटावरून म्हणते, "ज्योत बघायला चांगली हाय, पर खायाला भात लागतो." भात शिजायला इतका वेळ लागायचा की आम्ही दोघं भावंडं ताटं वाजवत बसायचो. तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. पावणं येणार असले की अम्मा ती तार चिमट्यानं काढायची, कोंबडीनं अंडं झाकावं तशी केसांच्या पिनेखाली खोचायची, फर्र करून मोठी पिवळी-निळी आग लावायची, आणि तुम्ही यायच्या आधी तार पुन्हा जागेवर. तुम्ही जेवताना म्हणायचा, "बघ, तारेवर बी मटण कसं शिजतंय." अम्मा पदराआड हसायची. या घरात तुमच्याविरुद्ध वागायला सुरुवात मी केलेली नाही, एवढंच सांगायचंय.

मी कॉलेजात जायच्या वयाची होते आणि कॉलेजात न जाता शेडात बसत होते. तुम्ही मला कधी शिकवलं नाही, पण हाकललंही नाही. मी बघायची. राधानगरीकडचे एक मास्तर होते, त्यांची गाडी चढावर तापायची आणि आतून असा आवाज यायचा की जणू पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवतंय. नॉकिंग म्हणतात त्याला, चढावर पेट्रोल कमी पडलं की इंजिन असं वाजतं. तुम्ही नमाजाला गेला होता. मी जेट काढला, तुमची तार ओढून टाकली, आणि एक नंबर मोठा जेट बसवला. मास्तर आठवड्यानं परत आले. म्हणाले, गाडी झक्क चढते, आवाज गेला, पण उस्ताद, ॲव्हरेज पडलं की. तुम्ही कार्बोरेटर उघडून बघितलात. मग माझ्याकडं. शेड माणसांनी भरलेलं. "पेट्रोल काय तुझ्या बापाचं हाय व्हय गं?" मागून लेथवाले काका ओरडले, "आरं उस्ताद, बाप तूच की!" अख्खं शेड हसलं. मी पण हसले, आणि तीच माझी चूक झाली. तुम्ही हसला नाहीत. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतलात आणि म्हणालात, "घरला जा." मी गेले. गाडी चांगली चढते हे मास्तरांनी सांगितलं होतं, ते तुम्ही ऐकलं होतं, मी तुमचा चेहरा बघितला होता. तरी तुम्ही एका शब्दानं ते बोलला नाहीत. पुढं इतकी वर्षं जगलात, तरी नाही.

लग्नात तुम्ही मला शिलाई मशीन दिलंत. पहिल्याच महिन्यात मी ते पूर्ण खोलून चादरीवर मांडून ठेवलं, सासूबाई घाबरून शेजारी जाऊन बसल्या. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात मी आधी शेजाऱ्यांच्या लुना बघितल्या, मग स्कूटरी, मग रिक्षा. शिकवायला कुणी नव्हतं. जे बिघडलं त्यानंच शिकवलं. तुम्ही गेल्यावर भावानं शेडात सुट्या भागांचं दुकान मांडलं आणि मागची अर्धी जागा मला दिली. माझे यजमान गेल्यावर मी कोल्हापुरात कायमची आले. आता बोर्डावर नाव भावाचं आहे, पण गाडी आणणारा माणूस विचारतो, "आपा हाईत का?" तुमचा मुलगा मनाचा मोठा आहे अब्बा, त्याला याचं कधी वाईट वाटलेलं मी बघितलं नाही. फक्त तुमचं नाव निघालं की तो वकील होतो, तुमचा.

आता सुनेचं. माझा मुलगा डेअरीत नोकरी करतो, त्याला दूध बरं, गाडीच्या वाटेला जात नाही. सून मात्र जन्माला येतानाच ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून आली असावी. जुन्या धावपट्टीवर शर्यती भरतात, परवानगीच्या, रुग्णवाहिका उभी करून, हेल्मेट घालून, दोन गाड्या सरळ रेषेत, जी पुढं ती जिंकली. तिच्याकडं एक जुनी चार सिलिंडरची छोटी गाडी आहे. रंग उडालेला, पण अंगानं हलकी. ती गाडी मी तयार केली, पळवायची सून, आणि आम्ही दोघी प्रत्येक वेळी दुसऱ्याच फेरीत घरी यायचो. मग एके दिवशी ती कणीक मळता मळता म्हणाली, "अम्मी, नायट्रस लावूया?"

तुम्हाला सांगायला हवं हे काय असतं. एक निळी बाटली, आपल्या गॅसच्या छोट्या टाकीएवढी, डिकीत बांधतात. दाताचे डॉक्टर हुंगवतात त्या वायूचा हा सख्खा भाऊ. इंजिनाच्या उष्णतेत तो फुटतो आणि त्यातून जास्तीचा प्राणवायू सुटतो. म्हणजे चुलीला फुंकणी नव्हे, लोहाराचा भाता लावल्यासारखं. पण भाता लावला की सरपण पण वाढवावं लागतं. नाहीतर आग अशी पिसाळते की भाकरी करपतेच, तवा पण लाल होतो. म्हणून बाटलीतून एक नळी वायूची येते आणि तिच्या जोडीला दुसरी नळी जास्तीच्या पेट्रोलची. दोन्हींच्या तोंडाला एकेक जेट. तोच आपला पितळी मणी. वायूचा केवढा आणि पेट्रोलचा केवढा याची जोडी ठरलेली असते, आणि सगळी कारागिरी त्या जोडीत असते. मी मोबाईलवर महिनाभर तेच बघत होते. इंग्रजी अर्धं कळलं, पण हातांना भाषा लागत नाही, ते काय करतायत ते दिसतं.

एमआयडीसीत एकांकडं रोलर आहे, गाडी त्यावर बांधून जागच्या जागी पळवता येते. आम्ही तिथं गेलो. बाटली उघडली, सुनेनं पाय पूर्ण दाबला, आणि इंजिनाचा आवाज असा बदलला अब्बा, की माझ्या पायांखालची फरशी सरकली. म्हातारं कुत्रं एकदम वाघासारखं बोलावं तसं. पण मागं नळीतून काळा धूर. दाट, काजळीचा, ओशाळवाणा. माझं तोंड कडू झालं. रोलरचे मालक म्हणाले, "आपा, धूर असू दे. गॅस असला की धूर असलेलाच बरा." मी मान हलवली. त्यांनी पाठ फिरवल्यावर मी पेट्रोलचा जेट काढला. शेजारी एक तुटकी वायर पडलेली होती. मी नखानं तिचं प्लास्टिक सोललं, तांब्याचा एक धागा काढला, आणि भोकात बसवला. विचार केला नाही. खरंच सांगते, विचार केलाच नाही. हाताला कोण सांगतंय हे मला तेव्हा कळलं नाही. सुनेला म्हटलं, "मार आता." तिनं मारलं. धूर गेला, नळीचं तोंड स्वच्छ, मी तुमच्यासारखी अंगठ्यानं वरचा ओठ पुसते आहे, आणि तेवढ्यात डब्यातले खडे वाजले. दोन श्वास. मग एक टाळी वाजल्यासारखा आवाज, आणि इंजिन मुकं.

खोललं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी खाल्लेली होती, ॲल्युमिनियम वितळून खाली ओघळलेलं. प्लगवर त्याचेच चांदीसारखे कण. सून शेजारी उकिडवी बसलेली. तिला काही लागलं नव्हतं, तरी मी तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. रोलरवर होतो म्हणून बरं. धावपट्टीवर पूर्ण वेगात हेच झालं असतं तर तेल चाकाखाली आलं असतं, आणि आत ती असती.

भावानं पिस्टन उचलला, खाल्लेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आपा, राग मानू नकोस. पर अब्बांचं ऐकलं असतंस तर ही पाळी आली नसती. त्यांनी जन्मात असली थेरं केली न्हाईत."

मी जेट त्याच्या तळहातावर आपटला. म्हटलं, "बघ भोकात काय हाय."

त्यानं तो उजेडाकडं धरला. तांब्याचा धागा चमकला.

"अब्बांचं ऐकलं म्हणूनच जळलं हे," मी म्हटलं. "न ऐकता केलं असतं तर गाडी घरला चालत आली असती."

अब्बा, तुम्ही वाईट कारागीर होता असं मी म्हणत नाही. ज्या माणसाला महिनाअखेर गाडी ढकलायची नाही त्याच्यासाठी तुमची तार ठीक होती, सपाट रस्त्यावर, हळू हळू. पण तुम्ही तिचा धर्म करून ठेवलात. चढावरच्या मास्तरांना पण तीच, अम्माच्या भाताला पण तीच, आणि माझ्या बोटांत ती अशी पेरलीत की मला घरी पाठवल्याला चाळीसेक वर्षं झाली तरी ती उगवली. माझ्या सुनेच्या पायाखाली उगवली. याचा मला राग आहे. आहे तर आहे.

इंजिन पुन्हा बांधलं. या वेळी जाड पिस्टन, लवकर न तापणारे, थंड जातीचे प्लग, आणि ठिणगी जरा उशिरा पडेल अशी मागं घेतलेली, कारण आग जोरात असली की काडी लवकर ओढायची नसते. सगळं झालं, पेट्रोलचा जेट तेवढा राहिला. मी तो सुनेपुढं धरला. म्हटलं, "तू बसव. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाय."

ती हात मागं घेऊन उभी राहिली. "न्हाय अम्मी. तुम्ही बसवा."

"अगं, मीच जाळली की मागच्या खेपेला."

"व्हय. म्हणूनच. तुम्हाला आता म्हायती हाय कुठं जळती ते. आत मी बसणार हाय, मला तुमच्याच हातची पायजे." मग हसली, "आणि हात लईच वळवळला तर सांगा, ओढणीनं बांधते."

मी खुर्ची ओढून बसले. बाटलीबरोबर जोड्यांचं कोष्टक आलं होतं, त्यात सांगितलेला जेट घेतला. मग तो खाली ठेवला आणि एक नंबर मोठा घेतला. खोटं कशाला सांगू, बोटं आखडली. त्यांना ते पटत नव्हतं. नळी घट्ट करताना मला तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला, पेट्रोल काय तुझ्या बापाचं हाय व्हय गं, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "व्हय, हाय!" भाऊ दुकानातून धावत आला, काय झालं म्हणून. सून म्हणाली, "काय न्हाय मामू, इंजिनाशी बोलत्यात."

धावपट्टीवर ऊन होतं. मी बाटली सावलीत ठेवून दाबाचा काटा बघून मगच जोडली, कारण ती फार तापली की दाब चढतो आणि जोडीचं गणित बिघडतं. भाऊ दुकान बंद करून आला होता, तुम्ही असताना एकदा पण शेड बंद झालं नाही, हे पण लिहून ठेवते. सुनेनं पट्टे आवळले, काचेतून माझ्याकडं बघितलं. मी अंगठा दाखवला नाही, नुसती मान हलवली. गाडी सुटली. पहिल्या दोन गिअरला नेहमीसारखी, आणि मग तिनं पाय पूर्ण रोवला आणि बाटली बोलली. मी गाडी बघत नव्हते. मी डोळे मिटून खडे ऐकत होते. ऐकत होते, ऐकत होते. खडे नव्हते. नुसता एक लांब, भरदार, पोट भरलेल्या जनावरासारखा आवाज, आणि डोळे उघडले तेव्हा तिच्यामागं धुराची काळी शेपटी होती.

"आपा, केवढं पेट्रोल पीत असंल गं ही?" भाऊ पुटपुटला.

"विचारू नकोस," मी म्हटलं. "पिऊ दे."

दोन फेऱ्या जिंकली, तिसरीत हरली. समोरची गाडी आमच्याहून ताकदवान होती, त्यात लाज नाही. परत आली तेव्हा मी तिला जवळ घ्यायच्या आधी प्लग काढला, गरम गरम, बोट भाजलं. चांदीचा एक कण नाही. प्लगची चिनीमाती शाबूत. कडेला काजळी आहे, आणि ती काजळी मी बोटानं पुसून बघितली, आणि सुनेच्या गालाला लावली. ती किंचाळली. तिथली माणसं बघायला लागली. बघू देत.

तर आता सांगायचं ते एवढंच, आणि हे मी विचारत नाही, सांगते. राधानगरीच्या मास्तरांच्या गाडीत मी जे केलं ते बरोबर होतं. त्या दिवशी पण होतं, आज पण आहे. तुम्ही मला चारचौघांत घरी पाठवलंत ते चूक होतं. तुमच्यावर माझा जीव किती होता ते तुम्हाला माहीत आहे, पण जीव असला म्हणून चुकीला बरोबर म्हणायचं नसतं. खणातल्या तारा मी टाकल्या नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं तर सपाट रस्त्याच्या गाडीला अजून घालते, विचारून, सांगून, तिची किंमत काय ते आधी बोलून. शर्यतीच्या गाडीच्या आसपास तो खण उघडत नाही.

हे पत्र पाठवायचं कुठं, आणि पाठवावं तरी का. तुम्हाला मिळालं तर तुम्ही चष्मा शोधाल, अम्माला वाचून दाखवाल, ती पदराआड हसेल, आणि तुम्ही चिडाल. चिडायलाच पाहिजे तुम्ही. कारण हल्ली मी काही केलं की लोक नुसतं "वा आपा" म्हणतात. सून म्हणते, भाऊ म्हणतो, रोलरचे मालक म्हणतात. मी एक नंबर मोठा जेट का घातला, कोष्टकावर का थांबले नाही, हे विचारून माझ्याशी तावातावानं भांडेल एवढं काम येणारं माणूस आता उद्यमनगरात उरलेलं नाही. मी जिंकले आहे अब्बा, आणि समोर कुणी नाही. म्हणून रागानं लिहा, ओरडून लिहा, माझं कसं चुकलं ते नंबरासकट लिहा. फक्त उशीर करू नका, पुढची शर्यत जवळ आली आहे.